धूर, कालवं आणि बोटीचं वेळापत्रक

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा ठरतो. तोवर तिथेही इंग्लंडप्रमाणे ८० ची मुभा होती. आता तिथल्या ज्या बेटांवर एका व्हिस्की डिस्टिलरीच्या वेशीवरून दुसरीचं धुराडं दिसतं, तिथे भाड्याची मोटार घेऊन फिरणाऱ्याची पंचाईत होते. गाडी चालवावी तर पिता येत नाही, प्यावं तर चालवता येत नाही. डिस्टिलऱ्यांनी यावर तोडगा काढला आहे. चालकाच्या वाट्याचे घोट छोट्या बाटल्यांत भरून देतात आणि ते त्याने संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर प्यायचे. पण बाकीची मंडळी पिंपाशेजारी उभी राहून चर्चा करत असताना आपण मात्र बाटली खिशात घालायची, यात काय मजा? म्हणून आठ ते सोळा जणांची मिनीबस आणि तिचा न पिणारा, पण व्हिस्कीबद्दल भरभरून बोलणारा चालक-वाटाड्या हा प्रकार इथे चांगलाच रुजला आहे.

‘स्मॉल ग्रुप टूर’ हे शब्द जाहिरातीत वाचले की महागड्या चोचल्यांचा संशय येतो. तो अगदीच खोटा नाही, पण इथे लहान गट ही मुळात भूगोलाची अट आहे. बेटांवरचे बरेच रस्ते एकाच गाडीपुरते रुंद असतात. समोरून कोणी आलं की रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या फुगवट्यात गाडी घ्यायची, वाट द्यायची आणि जाताना हात वर करायचा. आयला बेटावर तर ओळख असो वा नसो, समोरच्या प्रत्येक चालकाला हात करण्याची रीतच आहे. पन्नास आसनांची बस अशा रस्त्यावर घुसली की तिच्यामागे मेंढपाळापासून पोस्टमनपर्यंत सगळं गाव खोळंबतं. जुन्या गोदामांत पिंपाभोवती मोजकीच माणसं उभी राहू शकतात आणि गावातल्या खानावळीत टेबलंही मोजकीच असतात.

या सहलींचा नेहमीचा रस्ता ग्लासगोहून निघतो. तीनेक तास मोटारीने केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत, तिथून कॅलमॅक कंपनीच्या बोटीने दोन तासांहून थोडं अधिक, की आयला. लोकसंख्या सुमारे ३२००. पोर्ट एलन ही १९८३ मध्ये बंद पडलेली डिस्टिलरी २०२४ मध्ये पुन्हा पेटली, तेव्हा चालू डिस्टिलऱ्यांचा आकडा दहावर गेला. पोर्ट एलन गावातून पायवाटेने निघालं तर पाचेक किलोमीटरमध्ये लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिघी ओळीने भेटतात. तिन्हींचे पांढरे डोलारे समुद्राला अगदी चिकटून उभे आहेत आणि तिन्हींची नावं भिंतीवर प्रचंड काळ्या अक्षरांत, बोटीवरूनही वाचता येतील अशी रंगवलेली आहेत. पूर्वी माल आणायचा आणि न्यायचा तो बोटीनेच. त्यामुळे दर्शनी बाजू समुद्राकडे.

या तिघींची व्हिस्की पहिल्यांदा चाखणारा माणूस बहुधा तोंड वाकडं करतो. धूर, डांबर, आयोडीन, दवाखाना असल्या उपमा लोक देतात. त्याचं कारण जमिनीत आहे. आयलावर झाडं कमी आणि दगडी कोळसा नाही. होतं ते पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने ते साठतं. वसंतात ते विटांसारखं कापायचं, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवायचं आणि हिवाळ्यात जाळायचं. बार्ली भिजवून, तिला मोड आणून, ती वाळवायची म्हटल्यावर खाली जाळायला हेच इंधन. त्याच्या धुरातली फिनॉल नावाची रसायनं ओलसर दाण्यात मुरतात आणि पुढे आंबवणं, तांब्याच्या भांड्यांतलं दुहेरी ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं हे सगळं सोसूनही बरीचशी टिकून राहतात. धुराचं प्रमाण दशलक्षांशात मोजतात. आर्डबेगच्या बार्लीत ते ५५ च्या आसपास, लागावूलिनच्या ३५, बेटावरच्याच बोमोरच्या २५. हौशी लोक हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे तोंडपाठ म्हणतात. पण मोजमाप होतं ते भिजवून वाळवलेल्या बार्लीचं, बाटलीतल्या व्हिस्कीचं नव्हे. ऊर्ध्वपातन करताना धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची, यावर शेवटची चव ठरते. लागावूलिन आणि आयलावरचीच कुल ईला यांची बार्ली जवळपास सारख्याच धुराची असते, तरी पेल्यात दोघी वेगळ्या.

कुल ईलाचं नाव निघालंच आहे तर या धंद्यातली एक गोम सांगायला हवी. आयलावरचं सर्वांत जास्त उत्पादन तिचं. पण तिचं ताजं मद्य टँकरने मुख्य भूमीवर जातं आणि तिथल्या पिंपांत मुरतं. त्यातला मोठा हिस्सा जॉनी वॉकरसारख्या मिश्र व्हिस्कीत मिसळतो. मग समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पिंपात शिरून व्हिस्कीला मिठाची चव दिली, ही वाटाड्यांची लाडकी कथा कितपत खरी? लिहिणाऱ्याला विचाराल तर अर्ध्याहून अधिक चव त्या क्षणी नाकाशी येणाऱ्या समुद्राच्या वासाची असते. बार्लीचंही तसंच. बेटावरच्या बहुतेक डिस्टिलऱ्या १९७३ पासून चालू असलेल्या पोर्ट एलनच्या मोठ्या कारखान्यातून मोड आणलेली धूरयुक्त बार्ली विकत घेतात आणि तिचे मूळ दाणे बहुतांशी मुख्य भूमीवरून येतात. फरशीवर बार्ली पसरून लाकडी फावड्यांनी उलथवण्याची जुनी पद्धत बोमोर, लाफ्रॉइग आणि किलहोमन एवढ्यांनीच राखली आहे, तीही गरजेच्या काही भागापुरती. २००५ मध्ये एका शेतात सुरू झालेली किलहोमन मात्र स्वतःच्या रानात पिकलेल्या बार्लीची एक वेगळी व्हिस्की काढते. पेरणीपासून बाटलीपर्यंत सगळं बेटावरच. टूरवाल्यांनी या शेतावर नेलं तर ते चुकवू नये.

बोमोर ही बेटावरची सर्वांत जुनी डिस्टिलरी, १७७९ ची. तिच्या एका जुन्या गोदामात आता गावाचा पोहण्याचा तलाव आहे आणि त्याचं पाणी डिस्टिलरीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कोमट राहतं. अटलांटिकच्या गार वाऱ्यात वाढणारी पोरं व्हिस्कीच्या ऊबेत पोहायला शिकतात. गावाच्या टोकाला १७६७ चं गोल चर्च आहे. सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून ते गोल बांधलं, असं लोक सांगतात. डिस्टिलरी त्यानंतर बारा वर्षांनी आली.

लाफ्रॉइगमध्ये वाटाडे एका बाईची गोष्ट सांगतात आणि ती कागदोपत्री खरी आहे. बेसी विल्यमसन ही ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर तरुणी १९३४ च्या उन्हाळ्यात तात्पुरती टंकलेखिका म्हणून इथे आली आणि परत गेलीच नाही. मालक इयन हंटर आजारी पडल्यावर कारभार हळूहळू तिच्या हाती आला. १९५४ मध्ये ते वारले तेव्हा डिस्टिलरी त्यांनी तिच्या नावावर केली होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरुषांच्या या धंद्यात एक बाई मालकीण होती आणि तिने धुरकट आयला व्हिस्की एकल माल्ट म्हणून अमेरिकेत नेऊन लोकांच्या गळी उतरवली. आज तिच्या डिस्टिलरीची मालकी जपानच्या सनटोरी समूहाकडे आहे, बोमोरचीही. आर्डबेग पॅरिसच्या एलव्हीएमएचची, लागावूलिन लंडनच्या डिआजिओची.

१९९४ मध्ये कुलूप लागलेली ब्रूक्लॅडी डिस्टिलरी २००१ मध्ये काही हौशी गुंतवणूकदारांनी व्हिक्टोरियन काळातल्या यंत्रांसह पुन्हा चालवली. तिने सांगितलेला किस्सा असा. यंत्रांवर लांबून नजर ठेवायला बसवलेले तिचे वेबकॅम २००३ मध्ये एक अमेरिकी सरकारी संस्था पाहत होती, कारण व्हिस्कीची भांडी आणि रासायनिक अस्त्रांची भांडी दिसायला फार वेगळी नसतात. डिस्टिलरीने लगेच या किश्श्याच्या नावाने एक बाटली काढून विकली. इराक युद्धाच्या वर्षी याहून स्वस्त जाहिरात कुठे मिळाली असती?

एवढं प्यायचं तर पोटात काही हवंच. दिवसाला दोन-तीन डिस्टिलऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार चाखण्या हा हिशेब रिकाम्या पोटी झेपत नाही. आयलावर लॉख ग्रुइनार्ट नावाची उथळ खाडी आहे. हिवाळ्यात तिथे ग्रीनलंडहून हजारो बार्नॅकल हंस उतरतात आणि भरती-ओहोटीच्या त्याच पाण्यात कालवं वाढवतात. कालव शिंपल्यातून कच्चंच गिळायचं, मग रिकाम्या शिंपल्यात बोमोरचा घोट ओतायचा आणि तळाशी राहिलेल्या खाऱ्या पाण्यासकट तो प्यायचा. ही या बेटांवरची सर्वांत सोपी आणि सर्वांत पटणारी जोडी. धूर आणि मीठ एकमेकांना बरोबर ओळखतात. रत्नागिरी-मालवणकडे कालवं खाऊन वाढलेल्यांना कच्चेपणाचा धक्का बसेल, पण दुसऱ्या शिंपल्याला ते हात पुढे करतात. याशिवाय आर्डबेगच्या जुन्या भट्टीघरात चालणाऱ्या उपाहारगृहात गरम सूप मिळतं, आणि शेवंडी, खेकडे, स्कॅलप हे तर किनाऱ्यावर पकडलेलेच. वाईट एवढंच की स्कॉटलंडची बरीचशी लँगुस्टीन, म्हणजे शेवंडीची ती सडपातळ भावंडं, पकडल्या पकडल्या स्पेन-फ्रान्सकडे रवाना होतात. लहान गटाच्या टूरवाल्याची खरी कसोटी इथे लागते. मच्छीमाराशी त्याची ओळख असेल तर टोपलीभर माल निर्यातीच्या गाडीत चढण्याआधी आपल्या ताटात येतो.

आयलाच्या पोर्ट अॅस्केगहून पाच मिनिटांच्या तरीने जुरा. रस्ता एक, डिस्टिलरी एक, माणसं दोनशेच्या आसपास आणि तांबडी हरणं पाच हजारांवर. हरणाचं मांस जेवणात असणारच. याच बेटाच्या उत्तर टोकाला, बार्नहिल नावाच्या एकाकी घरात, क्षयाने ग्रासलेल्या जॉर्ज ऑर्वेलने ‘१९८४’ ही कादंबरी लिहून पुरी केली. तिथवर मिनीबस जात नाही.

पुढे ओबानहून मल बेट. टोबरमोरीची डिस्टिलरी १७९८ ची, बंदरावरच्या रंगीत घरांच्या रांगेच्या टोकाला. पण अन्न आणि व्हिस्कीचं नातं खरं कळतं ते गावाबाहेरच्या एका दुभत्या फार्मवर. डिस्टिलरीत बार्लीतली साखर काढून घेतल्यावर जो चोथा उरतो तो इथल्या गाईंना खाऊ घालतात. त्यांच्या कच्च्या दुधाचं आयल ऑफ मल चेडर बनतं, फिकट, झणझणीत आणि किंचित आंबलेल्या फळाच्या वासाचं. त्या चीजचा तुकडा टोबरमोरीच्याच लेडेग या धुरकट व्हिस्कीबरोबर खायचा, म्हणजे एकाच दाण्याची दोन रूपं एका ताटात येतात. या सहलीत एकच थांबा निवडायची वेळ आली तर तो हा.

मलवर मुंबईची एक खूणही आहे. शेजारच्या उल्व्हा बेटावर जन्मलेला लॅकलन मॅक्वारी १७८८ मध्ये फौजेबरोबर मुंबईत आला. १७९३ मध्ये तिथेच त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती क्षयाने मकावला वारली. त्याने तिला आणून मुंबईतच पुरलं आणि पुढे मलवर घेतलेल्या जमिनीला जार्विसफील्ड हे नाव दिलं. हाच मॅक्वारी नंतर न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. ग्रुलाइनला त्याची दगडी समाधी आहे आणि ऑस्ट्रेलियन पर्यटक ती शोधत येतात. मुंबईकरांना तिचा पत्ता नसतो.

स्कायची गोष्ट जरा वेगळी. १९९५ मध्ये पूल झाल्यापासून ते नावापुरतंच बेट उरलं आहे आणि उन्हाळ्यात तिथल्या गर्दीने स्थानिक लोक वैतागलेले असतात. तरी कार्बोस्टची टॅलिस्कर चुकवता येत नाही. १८३० मध्ये ती काढणाऱ्या मॅकअॅस्किल बंधूंनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकावलं होतं. या डोंगराळ बेटांवरची निर्मनुष्य रम्यता अनेक ठिकाणी अशीच तयार झाली आहे. डिस्टिलरीच्या वरच्या अंगाला कालवांची शेड आहे, तिथे उभ्याउभ्या खायचं. रात्रीच्या जेवणाला पैसे असतील त्यांनी कोलबोस्टचं ‘थ्री चिम्नीज’ गाठावं. १९८५ मध्ये एका जोडप्याने कष्टकऱ्यांच्या जुन्या दगडी घरात ते सुरू केलं. स्वयंपाकाचं औपचारिक शिक्षण न घेतलेल्या शर्ली स्पिअर यांच्या हाताने ते जगभर नावाजलं. गरम मार्मलेड पुडिंग ही तिथली ओळख.

त्याहून पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजमध्ये, सहली कमी जातात आणि म्हणूनच जावं. हॅरिस बेटावर टार्बर्टला २०१५ मध्ये डिस्टिलरी झाली ती ओस पडत चाललेल्या गावात तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात या उघड हेतूने. व्हिस्की मुरेपर्यंत तिने समुद्री शेवाळ घातलेली जिन विकून पगार भागवले. पहिली व्हिस्की आली २०२३ मध्ये. स्टॉर्नोवेच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रक्त, ओट, चरबी आणि कांदा एवढ्यावर ते बनतं. बकऱ्याची रक्ती आवडीने खाणाऱ्याला ते लगेच आपलं वाटेल. रविवार मात्र इथे पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीच मुळी २००९ मध्ये, निषेधासह. आणि दक्षिणेला एरिस्केजवळ ५ फेब्रुवारी १९४१ ला एस. एस. पॉलिटिशियन हे जहाज खडकावर चढलं, पोटात सुमारे २,६४,००० बाटल्या व्हिस्की घेऊन. युद्धामुळे बेटांवर दारूचा दुष्काळ होता. रात्री होड्या निघाल्या, बाटल्या दलदलीत आणि गंजींत लपल्या, जकात अधिकारी हात धुऊन मागे लागला आणि काही जण तुरुंगातही गेले. कॉम्प्टन मॅकेन्झीने १९४७ मध्ये यावर ‘व्हिस्की गलोर’ ही विनोदी कादंबरी लिहिली. एरिस्केच्या एकमेव पबला त्या जहाजाचंच नाव आहे.

ऑर्कनी इतकं उत्तरेला आहे की बहुतेक सहली ते वेगळं ठेवतात. तिथलं पीट झाडांचं नाही, हेदरच्या झुडपांचं, म्हणून १७९८ पासूनच्या हायलंड पार्कचा धूर गोडसर. नॉर्थ रोनाल्डसे बेटावर १८३२ मध्ये सुमारे २० किलोमीटरची दगडी भिंत घालून मेंढ्यांना शेताबाहेर, किनाऱ्यावर ठेवलं. त्या आजही मुख्यतः समुद्री शेवाळ खाऊन जगतात आणि मांसाला तशीच गडद चव असते.

गंमत म्हणजे कायद्याच्या लेखी ‘आयलंड व्हिस्की’ असा काही प्रकारच नाही. २००९ च्या नियमांत आयलाला स्वतंत्र मान आहे. टॅलिस्कर, टोबरमोरी, हायलंड पार्क हे सगळे हायलंडच्या खात्यात जमा. बाकी अट सर्वांना सारखी: स्कॉटलंडमध्येच गाळलेली, ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली, बाटलीत किमान ४० टक्के. मुरताना दर वर्षी साधारण २ टक्के मद्य हवेत उडून जातं. गोव्याच्या उकाड्यात हे नुकसान कितीतरी पटींनी जास्त, आणि म्हणूनच तिथली पॉल जॉन व्हिस्की कमी वर्षांत तयार होते. तिच्या धुरकट प्रकारांसाठी पीट येतं ते आयला आणि हायलंडमधून. हे नातं दुहेरी आहे. बाटल्यांच्या संख्येत भारत २०२४ मध्ये स्कॉचचा जगातला सर्वांत मोठा ग्राहक होता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं, तेव्हा एडिंबरातल्या व्हिस्की उद्योगाने सुटकेचा निःश्वास टाकला तो उगाच नाही.

बेटांवरच्या लोकांना पाहुणे हवे आहेत, पण त्यांच्या तक्रारीही ऐकण्यासारख्या आहेत. बोटी जुन्या झाल्या आहेत आणि बिघाडाने किंवा वादळाने फेऱ्या रद्द होतात. २०१५ मध्ये मागवलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही नवी बोट प्रवाशांना मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये. पर्यटकांच्या भाड्यापायी घरं महागल्यामुळे डिस्टिलरीत नोकरी मिळालेल्या तरुणाला राहायला जागा मिळत नाही. अशा ठिकाणी चाळीस जण एका झटक्यात उतरवण्यापेक्षा दहा जण चार दिवस राहिले, तिथेच जेवले, हे बेटांना अधिक झेपतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये मिज नावाचे बारीक डास संध्याकाळी बाहेर बसू देत नाहीत. मेअखेरीला आयलावर फेश ईला हा संगीत आणि व्हिस्कीचा उत्सव असतो, त्या आठवड्यात खोली हवी असेल तर फार आधीपासून हालचाल करावी. पबमधलं माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचं, आपल्या पतियाळा पेगची सवय तिथे कामाची नाही. प्रत्येक पेला संपवलाच पाहिजे असंही नाही. हुंगून, चाखून थुंकण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते आणि जाणकार ती बिनदिक्कत वापरतात. पाण्याचे चार थेंब घातले तर कोणी नाक मुरडत नाही. शाकाहाऱ्यांनी मात्र टूरवाल्याशी आधी सविस्तर बोलून घ्यावं. ओटकेक, चीज आणि क्रॅनाखन नावाच्या गोड पदार्थावर पाच दिवस काढणं सोपं नाही. परतताना भारतीय विमानतळावर माणशी दोन लिटर करमुक्त आणता येतं, आणि महाराष्ट्रात ती बाटली उघडायला कायद्याने परवाना लागतो.